चारशे सतरा नंबरचा ग्लास

“सकाळी अकरा वाजता शॅम्पेन? ताई, ही काय प्यायची वेळ आहे?” रेस्टॉरंटच्या हॉलमध्ये पाऊल टाकताच डॉक्टर सबनीसांनी विचारलं.

“प्यायची नाही, चाखायची आहे,” मी म्हटलं. “जेवणाआधी नाक तल्लख असतं. आणि डॉक्टर, तुम्ही अत्तर लावून आलात. मान आणि मनगटं साबणानं धुऊन या.”

ते गेले, पण चेहरा पाडून. सबनीस त्वचेचे डॉक्टर. काही वर्षांपूर्वी दहा दिवस फ्रान्सला जाऊन आले. तेव्हापासून आजतागायत ते कालच विमानातून उतरल्यासारखे बोलतात. आमच्या रविवारच्या मॉर्निंग वॉकच्या ग्रुपमध्ये वाईनचा विषय निघाला की मी सोडून बाकीचे सात जण गप्प बसतात आणि ते बोलतात.

मी शेंद्र्याच्या एका कारखान्यात क्वालिटी कंट्रोलमध्ये होते. बिअर, वाईन, सगळं. बॅच बाहेर जाण्याआधी तिचा वास घ्यायचा, चव बघायची आणि ‘पास’ किंवा ‘नापास’ लिहून सही करायची, हे माझं काम. बाईमाणूस दारू चाखते म्हणून नातेवाइकांनी पुष्कळ वर्षं नाकं मुरडली. त्यांच्या पोरांना त्याच कारखान्यात चिकटवायची वेळ आली तेव्हा ती आपोआप सरळ झाली.

तर त्या रविवारचं कारण असं. ग्रुपमधल्या अशोकरावांचं उस्मानपुऱ्यात हॉटेल आहे. वरच्या मजल्यावर त्यांनी नवं रेस्टॉरंट काढलं होतं आणि मेनूत एक स्पार्कलिंग वाईन ठेवायची होती. स्पार्कलिंग म्हणजे बुडबुड्यांची वाईन. शॅम्पेन हे फ्रान्समधल्या एका भागाचं नाव. तिथं बनते तेवढीच शॅम्पेन, बाकी सगळ्या स्पार्कलिंग. हे मी ग्रुपला किमान सहा वेळा सांगितलं असेल.

अशोकरावांसमोर चार बाटल्यांची नावं होती. त्यातली एक फ्रान्सची, एक जवळच्याच चितेगावची. ती बनवणारी निलोफर, माझ्या हाताखाली शिकलेली मुलगी. चार वर्षं ती या एका वाईनच्या मागं होती. यंदा गावातल्या एखाद्या चांगल्या हॉटेलनं ती घेतली नाही, तर स्पार्कलिंग बंद, पुढं फक्त साधी रेड वाईन, असं तिच्या मालकानं सांगून टाकलं होतं.

सबनीसांनी न चाखताच निकाल दिला होता. “चितेगावची शॅम्पेन? अहो, उद्या म्हणाल दौलताबादच्या किल्ल्यावर स्कीइंग करू.” सगळे हसले. अशोकरावही हसले, पण त्यांना धंदा कळतो. ते मला म्हणाले, “ताई, तुम्ही ते डोळे बांधून करतात तसलं काहीतरी करा ना. आपल्याच ग्रुपवर.”

डोळे बांधत नाहीत. बाटल्या झाकतात. त्याला ब्लाइंड टेस्टिंग म्हणतात. प्रत्येक बाटलीवर कापडी पिशवी चढवायची आणि वर तीन आकडी नंबर लावायचा. एक, दोन, तीन असे नंबर दिले की लोक एक नंबरला आपोआप जास्त मार्क देतात. शिकलेले लोक तर हमखास. प्रत्येक वाईनची एक जादा बाटली बाजूला ठेवायची. एखादी बाटली खराब निघतेच.

मी अशोकरावांना एकच अट घातली. ग्रुपच्या आठ जणांबरोबर नववा माणूस माझा असेल. बिराजी.

बिराजी आमच्या लॅबमध्ये अटेंडंट होते. खुलताबादकडच्या धनगरवाड्यातले. लहानपण मेंढरांमागं गेलं, पुढं एमआयडीसीत लागले. सुरुवातीला ते ग्लास धुवायचे. एकदा मी पास केलेल्या बॅचचा ग्लास धुताना ते म्हणाले, “म्याडम, ह्याला जळक्या रबराचा वास येतुय.” मी तीनदा हुंगलं तेव्हा मला आला. दुसऱ्या दिवसापासून ते माझ्या चाखणाऱ्यांच्या पॅनलवर. स्वतः थेंब गिळत नाहीत. घोट घ्यायचा, तोंडात फिरवायचा, मगमध्ये थुंकायचा. चाखणाऱ्यानं हेच करायचं असतं.

“हे कोण?” सबनीसांनी विचारलं.

“बिराजी. माझ्या पॅनलवर होते.”

“म्हणजे केमिस्ट?”

“नाय साहेब,” बिराजी म्हणाले, “म्या काचा धुयाचो.”

सबनीसांनी अशोकरावांकडं बघून भुवया उडवल्या. कुणी खुर्ची पुढं केली नाही. बिराजींनी स्वतःच कोपऱ्यातली ओढून घेतली.

आत पँट्रीत मी बाटल्या उघडल्या. उघडली की आधी हुंगायची, हा नियम. तीन बाटल्या स्वच्छ. चौथीला, म्हणजे चारशे सतरा नंबरला, काहीतरी होतं. फार अंधूक. बंद ट्रंक उघडल्यावर येतो तसा वास. याला आम्ही कॉर्क टेंट म्हणतो. बुचाला कधीकधी बुरशीचा दोष लागतो आणि तो वाईनमध्ये उतरतो. वाईन गार असेल तर वास दबून राहतो. कोमट होत गेली की वर येतो.

अशी बाटली लगेच बाजूला करायची आणि जादा बाटली उघडायची. मी ते केलं नाही.

कारण पिशव्या मीच चढवल्या होत्या. चारशे सतरा म्हणजे फ्रान्सची, सबनीसांची लाडकी. निलोफर माझी शिष्या हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी फ्रान्सची बाटली खराब म्हणून बाद केली असती, तर पुढचा महिनाभर सकाळच्या चालण्यात तेवढंच ऐकलं असतं. मी मनाशी म्हटलं, फार नाहीये, भास असेल. ग्लास भरून ट्रे बाहेर नेला.

पाच मिनिटं सगळे हुंगत, चाखत, कागदावर मार्क लिहीत होते. मग सबनीसांनी चारशे सतराचा ग्लास उजेडात धरला, नाक खुपसलं आणि डोळे मिटले.

“आहाहा. हेच ते! जुन्या तळघराचा गंध. दगड, ओल, शंभर वर्षांची माती. अशोकराव, हे इथं बनत नसतं.”

ताबडतोब सात पेन्सिली हलल्या. सातांपैकी एकाला मी आधी त्या ग्लासला ‘चार’ लिहिताना पाहिलं होतं. आता त्यांनी ते खोडून ‘नऊ’ केलं. बँकेत मॅनेजर होते ते. दुसऱ्या एका बाईंनी शेजारणीला हळूच विचारलं, “तळघर म्हणजे चांगलं ना?”

“बिराजी, तुमचं?” अशोकरावांनी सहज विचारलं.

बिराजींनी ग्लास खाली ठेवला होता. “मालक, ह्याला ओल्या घोंगडीचा वास येतुय. भिजून चार दिस गुंडाळून ठिवलेली. लई वंगाळ.”

हॉलभर हसू फुटलं. सबनीस तर खोकेपर्यंत हसले. “घोंगडी! शॅम्पेनमध्ये घोंगडी! ताई, तुमचं पॅनल जबरदस्त आहे हं.”

बिराजी हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी फक्त माझ्याकडं पाहिलं. लॅबमध्ये बघायचे तसंच. म्याडम, तुमाला आला का नाय?

मी उभी राहिले.

“बिराजी बरोबर आहेत. ही बाटली खराब आहे. उघडली तेव्हाच मला वास आला होता. मी बोलले नाही, ही माझी चूक.”

“अरे व्वा,” सबनीस म्हणाले. “म्हणजे आम्हाला आवडली ती नेमकी खराब! सोयीचंच आहे की.”

“मग तपासू. याच वाईनची दुसरी बाटली आहे माझ्याकडं.”

आमच्या धंद्यात ट्रँगल टेस्ट असते. तीन ग्लास. दोनांत एकच वाईन, तिसऱ्यात वेगळी. वेगळा ग्लास ओळखायचा. नुसत्या अंदाजानंही कधीतरी जमतं, म्हणून मी तीन फेऱ्या लावल्या. ग्लास भरताना अशोकरावांना शेजारी उभं केलं. नंबर त्यांनीच टाकले.

बिराजींनी चाखलंसुद्धा नाही. ग्लास नाकाजवळून फिरवायचे आणि बोट ठेवायचे. “ह्यो येगळा.” तिन्ही वेळा बरोबर.

सबनीसांनी घोट घेतले, गुळण्या केल्या, छताकडं पाहिलं. तिन्ही वेळा चूक. शेवटच्या फेरीत चांगल्या बाटलीचा ग्लास उचलून ते म्हणाले, “ही मात्र साधी आहे. ही लोकल असणार.”

अशोकरावांनी पिशवी काढली. फ्रान्सची. धड बाटली.

हॉलमध्ये कुणी हसलं नाही, कारण आता हसायचं कुणाला हे ठरायचं होतं. बँकेचे मॅनेजर आपला कागद घडी करून खिशात घालत होते.

मी सगळ्यांच्या चिठ्ठ्या बाद केल्या आणि नवे ग्लास भरून बिराजींपुढं ठेवले. अशोकराव स्वतः खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले. “आता नीट सांगा बिराजी. चारांत चांगली कोणती?”

बिराजींनी वेळ घेतला. मग धड बाटलीतल्या फ्रान्सच्या वाईनवर बोट ठेवलं. “ही येक नंबर. खोटं कशाला बोलू.” शेजारच्या ग्लासवर दुसरं बोट ठेवलं. “ही तिच्या मागं. पर लई मागं नाय. जराशी आंबट हाय, पण साफ हाय. बाकीच्या दोन साखरंचं पानी.”

दुसरी निलोफरची होती.

मला पहिला नंबर हवा होता, हे नाकारत नाही. पण तो माणूस माझ्यासाठीही खोटं बोलला नाही.

दुपारी निलोफरचा फोन आला. “मॅडम, क्या हुआ? सांगा ना, जीव टांगणीला लागलाय.”

“दुसरी आलीस. अशोकराव घेतायत. आंबटपणा जरा जास्त आहे, असं बिराजी म्हणतात.”

ती म्हणाली, “बरोबर आहे त्यांचं. द्राक्षं मी चार दिवस लवकर तोडली होती.” पुढच्या हंगामात तिनं बिराजींना तोडणीआधी चितेगावला गाडी पाठवून बोलावलं. फॅक्टरीचं पॅनल तिनं त्यांच्यापासूनच सुरू केलं. स्पार्कलिंग चालू राहिली.

सबनीस त्या टेस्टिंगनंतरच्या पुढच्याच रविवारी चालायला आले. बदललेलं काही नव्हतं. गेटपाशीच एकाला सांगत होते, “मला पहिल्या घोटातच कॉर्कची शंका आली होती. पण म्हटलं, ताईंचा कार्यक्रम आहे, कशाला बोला.” ऐकणारा मान डोलावत होता.

मला त्यांचा राग आला नाही, किळस आली. आणि ती धड त्यांच्यावर काढताही येईना. सबनीसांना वास आलाच नव्हता, म्हणून ते बरळले. मला वास आला होता. लोक काय म्हणतील म्हणून मी ट्रे बाहेर नेला. क्वालिटी कंट्रोलमध्ये बंद नाकाचा माणूस चालवून घेता येतो, त्याला दुसरं काम देतात. नाक चालू आणि तोंड बंद असलेल्या माणसाचा मात्र काहीच उपयोग नसतो.