शुक्रवारी जेवायला येणारा कोच

एखादा माणूस दर आठवड्याला आपल्याकडे जेवायला यायला लागला, की त्याच्या गोष्टी घरात साठत जातात. रामिरोच्या इतक्या साठल्यात, की कुठून काढू कळत नाही.

तर असा हा रामिरो, मेक्सिकोचा. त्याची बायको लुसिया आणि लेक पाउला. रामिरो आधी फुटबॉल खेळायचा. मग गुडघा गेला, तेव्हा दुसऱ्यांना खेळवायला लागला आणि कोच होऊन इथे दोह्याला आला. क्लबानं त्याला गाडी दिली, गाडीला ड्रायव्हर दिला. तो ड्रायव्हर म्हणजे माझा लेक पास्कल. आम्ही वसईचे. इथे चर्चची मोठी मिस्सा शुक्रवारी. ती आटपली की पास्कल त्याला घरी आणायचा. तो मला अबुएला म्हणायचा. त्यांच्यात आजीला तसं म्हणतात.

*

पहिल्याच दिवशी पाहिलं, हा माणूस दर दोन घासांनी मागे वळून बघतो. आधी डाव्या खांद्यावरून, मग उजव्या. लिफ्टमध्ये तेच, मॉलमध्ये तेच. मला वाटलं, याच्या मागे काहीतरी लागलंय!

पास्कल हसला. "आई, हा मिडफिल्डर होता. मधल्या जागेचा खेळाडू. बॉल पायाशी यायच्या आधी मागे कोण आहे, ते बघून ठेवावं लागतं. मानेला सवय लागलीय."

मी म्हटलं, "विचार त्याला, आता कुठला बॉल यायचाय?"

पास्कलनं विचारलं. रामिरोनं भाकरी खाली ठेवली. आणि पुन्हा मागे वळून बघितलं.

*

तरी माझ्या मनाचं समाधान होईना. पुढच्या शुक्रवारी त्याला खुर्चीत बसवून मीठ-मिरच्या ओवाळल्या आणि तापल्या तव्यावर टाकल्या. ठसका काही येईना. म्हणजे दृष्ट मोठी! मग आणखी मूठभर टाकल्या.

ठसका आला, आणि फायर अलार्मही वाजला! सगळी बिल्डिंग जिन्यानं खाली. कुणी टॉवेलमध्ये, कुणी पोर काखेत घेऊन. वॉचमन शिट्ट्या मारतोय. सूनबाई रिटा माझ्याकडे बघेचना.

रामिरो पार्किंगमध्ये डोळे पुसत उभा. म्हणाला, "माझी आजी अंडं फिरवायची अंगावरून. तिचा अलार्म नव्हता वाजत!" मग धावत येणाऱ्या लोकांकडे बघून म्हणाला, "अबुएला, माझी टीम मॅचमध्ये एवढी धावली असती तर!"

*

टीम हरत होती, हे सांगायचं राहिलंच. आणि हरणं त्याला परवडणारं नव्हतं. याआधी तो जिथे जिथे कोच झाला, तिथून वर्ष पुरं व्हायच्या आत काढला गेला. दर वेळी घर मोडायचं, दर वेळी पाउलाला नवी शाळा. शेवटी लुसिया म्हणाली, "एका क्लबात एक अख्खं वर्ष टिकून दाखव. मग मी पोरीला घेऊन येते. तोवर आम्ही मेक्सिकोतच."

मी एकदा पास्कलबरोबर त्याच्याकडे डबा घेऊन गेले. एवढा मोठा फ्लॅट, आणि भिंतीला लावून सगळी खोकी, चिकटपट्टीसुद्धा न काढलेली. जेवायला प्लॅस्टिकचा चमचा.

"अरे, सामान तरी लाव!"

"सामान लावलं की क्लब मला काढतो," म्हणाला. "दर वेळी. म्हणून यंदा लावलंच नाही."

*

इथे वेस्ट बे म्हणून उंच इमारतींचा भाग आहे, तिथे एका हॉटेलाबाहेर एक तरुण जोडपं त्याच्याकडे बघून हसत आलं. फोन पुढे केला. हा एकदम ताठ झाला, केस सारखे केले. कुणीतरी ओळखलं म्हणायचं! त्याचं काम सगळं मधल्या जागेचं. गोल दुसऱ्यानं केला, वाचवला तिसऱ्यानं, याचं नाव कोण लक्षात ठेवणार?

त्या मुलानं फोन त्याच्या हातात दिला. "प्लीज, आमचा एक फोटो काढता?"

पास्कल म्हणतो, फोटो मात्र त्यानं छान काढला.

*

एका मॅचआधी चर्चमध्ये तो गुडघे टेकून बसला. त्या मोडक्या गुडघ्यावर! शेजारी एक उंच ब्राझीलवाला डोळे मिटून बसलेला. बाहेर आल्यावर रामिरोनं त्याला विचारलं, "काय मागितलंस?"

"उद्या तुमच्यावर गोल."

"मी मागितलं, तुझा गोल होऊ नये."

दुसऱ्या दिवशी त्यानं दोन केले! रामिरो गाडीत पास्कलला म्हणाला, "मीही त्याच्यासारखं पोर्तुगीजमध्ये मागायला हवं होतं."

*

मग तो फोन आला. गाडी सिग्नलला उभी होती. पलीकडून क्लबचा मॅनेजर अरबीत म्हणाला, "शुक्रन, कोच. खलास." म्हणजे थँक्यू, आता संपलं. सिग्नल हिरवा झाला, मागचे हॉर्न मारायला लागले, तरी पास्कलला गाडी काढवेना.

रामिरो म्हणाला, "यल्ला, यल्ला, चल. त्यांची शिट्टी माझ्याकडे राहिलीय, ती देऊन येऊ."

लुसियाला मात्र त्यानं सांगितलं नाही. रोज सकाळी ट्रॅकसूट चढवायचा, आमच्या बाल्कनीत येऊन बसायचा आणि तिला फोन करायचा: "ट्रेनिंग मस्त चाललंय!" मला त्याची भाषा कळत नव्हती, पण तो खोटं बोलतोय हे कळायचं. पास्कल मात्र ती भाषा गाडीत बसून बसून शिकला होता. तो आत निघून जायचा.

*

एक दिवस पाउलानं हट्ट धरला, "पप्पा, मला तुमचे खेळाडू दाखवा."

आता कुठून दाखवणार? पास्कलच्या ओळखीची साताऱ्याची माणसं मेसईदला आहेत, कारखान्यात फिटर, वेल्डर. सुट्टीच्या दिवशी कामगारांच्या कॅम्पामागच्या वाळूत फुटबॉल खेळतात. पास्कल आपल्या गाडीनं रामिरोला तिकडे घेऊन गेला. रामिरोनं सगळ्यांना लाल बनियनं घालायला लावली आणि व्हिडिओ कॉल लावला. कुणाचं पोट सुटलेलं, कुणाची लुंगी दुमडलेली. "पळा हो दादा, पळा! कोचची मिसेस बघतेय!" म्हणून पास्कल बाहेरून ओरडतोय.

गोलमध्ये शिंदे उभे, कानाला मोबाइल. बॉल त्यांच्या बाजूनं आत गेला, त्यांना पत्ताच नाही.

लुसियानं विचारलं, "तुझा गोलकीपर कुणाशी बोलतोय?"

रामिरोनं शिंद्यांकडे वळून बघितलं. मग म्हणाला, "बायकोशी."

ती म्हणाली, "बोलू दे." आणि फोन ठेवला.

*

त्यानंतर तिचा फोनच येईना. हा आपणहून लावायचा, तर बंद. खायचा नाही, माझ्याशी बोलायचा नाही. आणि एका सकाळी तिचा मेसेज आला: नुसता विमानाचा नंबर.

एअरपोर्टला मीही गेले. सबंध रस्ताभर तो काहीतरी पुटपुटत होता. पास्कल म्हणाला, "आई, तिला कसं सांगायचं ते घोकतोय."

दार उघडलं. पाउला धावत आली आणि त्याच्या पोटाला बिलगली. मागून लुसिया, ट्रॉलीवर बॅगांचा डोंगर. घोकलेलं सगळं तो विसरला. पास्कल माझ्या कानात एकेक शब्द मराठीत सांगत होता.

"लुसिया, माझं काम गेलं."

तिनं ट्रॉली त्याच्या हातात दिली.

"ते तुझा गोलकीपर बघूनच कळलं. काम असतं, तर मी कशाला आले असते?"