वस्ताद खामफोंगचं आडनाव

खामफोंगला मूलबाळ नव्हतं, पण त्याचं नाव लावणारी एकोणीस पोरं गावात होती.

बान नोंगवेंग गावात चिंचेखाली त्याची तालीम. वर पत्रा, खाली माती, भुसा आणि चिंध्या ठासून भरलेल्या चार गोण्या. तिथं जो कोणी शिकायला यायचा, त्याचं घरचं नाव बाहेर चपलांपाशीच राहायचं. वस्ताद देईल ते नाव घ्यायचं आणि त्यापुढे लावायचं 'सित-खामफोंग', म्हणजे खामफोंगचा शिष्य. मुएथाईत, म्हणजे लाथा-ठोशांच्या या खेळात, रीतच तशी आहे. खामफोंग स्वतः एकशे चाळीस लढती आपल्या वस्तादाच्या नावानं लढला आणि तो म्हातारा मेला तेव्हा मुंडण करून नऊ दिवस भिक्षू झाला. सख्ख्या बापासाठी त्यानं एवढं केलं नव्हतं.

माणूस एकसष्ट वर्षांचा, डावा कान चुरगळलेला, आणि नाकावर माशी बसू न देणारा. पोरांना पहाटे चारला उठवून दहा किलोमीटर पळवायचा आणि स्वतः मोपेडवरून मागे शिव्या देत यायचा. चिकट भात पोटभर घालायचा, हे मात्र खरं. गावात त्याच्याविषयी चांगलं बोलणारे थोडे होते आणि त्याच्या तोंडावर वाईट बोलणारा एकही नव्हता.

कंपनीचा माणूस आला तो ऐन उन्हाळ्यात. नाव तनित. पांढरे बूट, गाडीभर टी-शर्ट आणि तोंडभर हसू. त्याची थोंगफून कंपनी डुकरांचं खाद्य बनवायची, आणि आता तिला गरीब घरच्या खेळाडूंना हात द्यायची हुक्की आली होती. एकोणीस पोरं गरीब होती, पण हात द्यायचा होता एकीलाच. त्याला तेंग हवी होती.

तेंग हे तिचं घरचं नाव. वय पंधरा, वजन त्रेचाळीस किलो. 'डाओरुंग सित-खामफोंग' या नावानं तिनं बुरीराममधल्या जत्रांत पोरी अशा लोळवल्या होत्या, की तिच्याशी जोड लावायला कोणी धजत नव्हतं.

"नवं रिंगण बांधून देऊ. रोजचा खुराक, तिच्या शाळेची फी, आणि कोराटला मोठ्या सभागृहात लढत. टीव्हीवर दिसेल," तनित म्हणाला. "आम्हाला काही नको हो."

"ताकाला येऊन भांडं लपवू नका, साहेब. काय हवंय?"

"फक्त नाव. डाओरुंग थोंगफून."

"म्हणजे माझ्या पोरीला डुकराचं नाव लावायचं?"

"डुकराचं नाही हो, वस्ताद," तनित घाईघाईनं म्हणाला, "खाद्याचं."

पोरं फिदीफिदी हसली. खामफोंगनं टी-शर्टांचा गठ्ठा उचलला आणि गाडीच्या टपावर फेकला. "सहा वर्षं मी दळलं. आयत्या पिठावर रेघोट्या ओढायच्या तर दुसऱ्या गावाला जा."

तनित दुसऱ्या गावाला गेला नाही. तो बसथांब्यावर गेला. तिथं तेंगची आई लामदुआन कोंबडी भाजून विकायची. त्यानं दोन कोंबड्या घेतल्या, एक खाल्ली, आणि जाताना कागदावर तिची सही घेऊन गेला. असल्या लोकांना दार बंद दिसलं की खिडकी बरोबर सापडते.

खामफोंग तसाच तणतणत बसथांब्यावर पोचला.

"लामदुआन, लाज आहे का? पोर विकलीस?"

लामदुआन निखाऱ्यांवर पंखा मारत राहिली. "विकायला माझी होती कुठं, वस्ताद? लाथा तिनं खायच्या, नाव तुमचं व्हायचं. आता नाव त्यांचं होईल. मी इथंच बसलेली आहे, धूर खात."

"मी तिला उभी केली!"

"केलीत ना. मग आता चालू द्या तिला."

गिऱ्हाईकं कान टवकारून बसली होती. खामफोंगनं एक जळजळीत शिवी हासडली आणि तो परत फिरला. पण हुकमाचं पान अजून आपल्याच हातात आहे, हे त्याला ठाऊक होतं.

सही कागदावर होते. शिष्य सुटतो तो वस्तादाच्या हातानं. लढतीआधी डोक्यावर चढवतात ते सुताचं कडं, मोंगखोन, वस्तादाच्या मालकीचं असतं. तोच ते घालतो, तोच काढतो, दुसऱ्या कुणी बोट लावायचं नाही. सोडून जायचं तर फुलांचं तबक घेऊन वस्तादापुढे बसायचं. त्यानं कडं घातलं, मंत्र म्हटला आणि कडं काढलं, की मोकळं. न सुटता जो गेला, त्याचं पुढच्याच लढतीत हाड मोडतं, हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल. तेंगही हे ऐकतच वाढली होती. कोराटची लढत रविवारी होती, आणि सुटल्याशिवाय ती रिंगणात पाय ठेवणार नव्हती.

शुक्रवारी पहाटे ती तबक घेऊन आली आणि वस्तादापुढे मातीत गुडघे टेकून बसली. खामफोंगनं तबकाकडे पाहिलंही नाही. त्यानं बाकीच्या पोरांना तिच्या अवतीभवती लाथा मारायला लावल्या. धूळ तिच्या तोंडावर उडत होती. नऊ वाजता तनित कॅमेरा घेऊन हजर झाला. असा काही विधी असतो हे कळल्यावर त्याला फारच आनंद झाला होता. निम्मा गाव कुंपणाला येऊन चिकटला.

"किती वेळ बसशील?" शेवटी खामफोंगनं विचारलं.

"तुम्ही उठवाल तोवर."

"माझ्या नावात काय कमी होतं गं? डुकरांचं गोड लागलं?"

तेंगनं मान वर केली. "तुम्ही नाव दिलंत, तेव्हा मला विचारलं होतं? नऊ वर्षांची होते. जत्रेत भोंग्यावर पुकारलं, डाओरुंग सित-खामफोंग. मी मागं वळून बघितलं, कोण आलंय म्हणून. तुम्ही मला ढकललंत, तेव्हा कळलं की मीच. माझं घरचं नाव तुम्हाला आठवतंय तरी?"

खामफोंगला ते आठवेना. बाकीची अठरा पोरं पाहत होती आणि त्याला आठवेना. तो चिडला आणि लाजला. त्यानं खुंटीवरचं कडं काढलं, तिच्या डोक्यावर चढवलं, पुटपुटत मंत्र म्हटला आणि कडं काढून घेतलं. "जा," तो म्हणाला.

"वा, वा!" तनित ओरडला. "फक्त ऊन आडवं आलं. वस्ताद, परत एकदा? काढताना नको, नुसतं घाला. घालताना कसं, आशीर्वादासारखं दिसतं."

कुंपणापाशी कुजबुज झाली. तबक समोर असताना परत कडं घालायचं म्हणजे शिष्याला परत पदरात घेणं, हे कुंपणाबाहेरच्या म्हातारीलाही कळत होतं. कळत नव्हतं ते तनितला. खामफोंगचे डोळे बारीक झाले. त्यानं निवांतपणे कडं परत चढवलं आणि फोटो निघेपर्यंत हात तिच्या डोक्यावर ठेवला.

"मस्त! झालं," तनित म्हणाला.

"काढा," तेंग म्हणाली.

"साहेबांना घालतानाचंच हवं होतं."

"वस्ताद, काढा."

खामफोंगनं दोन्ही हात पाठीमागे बांधले. "आता लढ. माझ्या नावानं लढ, नाहीतर घरी बस."

कुणीतरी खुसकन हसलं. वस्तादानं कंपनीच्या हातावर तुरी दिली, अशी सगळ्यांची खात्री झाली. तनित एकेकाचं तोंड बघत राहिला. तेंग मात्र खामफोंगकडे बघत होती, समोरच्याची पुढची लाथ जोखताना बघायची तशी. मग तिनं आपले हात वर नेले आणि कडं स्वतःच काढलं. ते तिनं तबकात, फुलांवर, नीट ठेवलं. तालमीत असं कधी कुणी केलं नव्हतं. एक लहान पोरगी भीतीनं रडायला लागली. तेंग वाकून नमस्कार करून उठली आणि गुडघ्यांची माती न झटकता बाहेर पडली.

रविवारी अख्खं गाव खाद्याच्या दुकानातल्या टीव्हीसमोर दाटीवाटीनं बसलं. खामफोंग मागे, दारात उभा होता. डाओरुंग थोंगफून पाचही फेऱ्या लढली आणि जिंकली. तिसऱ्या फेरीत ती पडली तेव्हा तो दोन पावलं पुढे आला होता. ती उठली तसा तो मागे सरकला.

दोन महिन्यांनी खाद्याच्या नव्या गोण्या आल्या. प्रत्येक गोणीवर तेंगच्या डोक्यावर हात ठेवलेला खामफोंग होता आणि खाली छापलं होतं, 'वस्तादांचा आशीर्वाद'. लोक त्याला रस्त्यात अडवून विचारायचे, "काय वस्ताद, आज डुकरांनी किती खाल्लं?" तनितला त्यानं फोनवर शिव्या घातल्या. तनितनं त्याला एक गोणी फुकट पाठवली.

लोकांचं हसणं त्यानं पचवलं. त्याच्या तालमीत आता अकराच पोरं उरलीत, तेही पचवलं. तेंग कोराटला नऊ लढती लढली, दोन हरली, आणि तिचं एकही हाड मोडलं नाही. तेवढं मात्र त्याला अजून माफ करता आलेलं नाही.