पेटीतल्या तुरीच्या शेंगा

ज्या माणसाबरोबर बसून चहा घेतला नाही, त्याला मोसंबी द्यायची नाही, असा माझ्या सासऱ्यांचा शिरस्ता होता. अंबडच्या बाजूला आमचा मोसंबीचा बाग आहे. व्यापारी बाग बघायला आला की सासरे त्याला आधी बांधावर बसवून घेत. घरी कोण कोण आहे, मुलं काय शिकतात, म्हातारी आई कुणाकडे असते, हे सगळं काढून झाल्यावर मग भावाचा विषय निघे. तोवर व्यापारी बिचारा घड्याळ बघून थकलेला असायचा. माल भरून गाडी निघाली की ड्रायव्हरच्या शेजारी एक पिशवीही जायची. शेतात त्या दिवसांत जे असेल ते त्यात असे. कधी हुरडा, कधी हरभऱ्याचे डहाळे, कधी भुईमुगाच्या शेंगा. शेतात नवं काही निघालं की शेजाऱ्यांना, पाहुण्यांना थोडं थोडं वानवळा म्हणून द्यायचं, ही रीत आमच्याकडे घरोघरी आहे. सासऱ्यांनी त्यात व्यापाऱ्यांच्या बायकामुलांनाही धरलं होतं.

गावातल्या मोसंबीवाल्यांचा गट झाला तेव्हा पॅकहाऊसचं काम माझ्याकडे आलं. मला फोनवर बोलता येतं, वेळ पडली तर भांडता येतं आणि बायका माझं ऐकतात, एवढीच माझी पात्रता. पॅकहाऊस म्हणजे तरी काय, पत्र्याचं शेड, फळं धुवायची टाकी, ती वाळवायला पंखे आणि निवडायला लांबलचक टेबल. पण शेडमध्ये मी टोपी घालून उभी राहिले की गटातले लोक मला मॅडम म्हणायचे. निम्मे मानानं, निम्मे चिडवायला.

तोवर आमचा माल जालन्याच्या बाजारात जायचा, नाहीतर व्यापारी तो दिल्लीकडे न्यायचे. मुंबईच्या एका निर्यातदारानं पहिल्यांदा आखाताचं नाव काढलं. तिकडच्या एका देशात आमच्या गटाची मोसंबी चालते का, ते त्याला बघायचं होतं. एक कंटेनर पाठवू, पास झाला तर दर हंगामात घेऊ, नापास झाला तर पुन्हा फोन करू नका, असं तो हसत म्हणाला. मला हसू आलं नाही. कारण माणसं तयार करायला दारोदार मीच फिरणार होते. माल परत आला तर सगळे येऊन मलाच विचारणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

निर्यातदारानं तपासणीचे नियम बजावून सांगितले. देठ फळालगत कापायचा. माती नको, डाग नको, पान तर एकही नको. पानाचं सासऱ्यांना पटेना. बाजारात पानासकट फळ दिसलं की माल ताजा म्हणतात, हे ते जन्मभर बघत आलेले.

"पान न्हाई तर फळ आजचं का चार दिसांचं, कसं कळावं त्या माणसाला?"

"आबा, पानावर कीड जाते. त्यांना आपली कीड नको आहे."

"आपण खाऊन राह्यलो की इतके वर्सं."

मग त्यांनी विचारलं, हा माल घेणारा माणूस कोण? मी म्हटलं, तिकडचा मोठा दुकानदार असेल. त्याच्या घरी कोण कोण असतं? मी हातातलं काम न थांबवता म्हटलं, आबा, मी त्याची सोयरीक जमवायला निघालेली नाही. फळं निवडणाऱ्या बायका खो खो हसल्या. सासरेही हसले आणि गेले.

कंटेनर दुपारी भरला. मी गेटावर नारळ फोडला, बायकांना पेढे वाटले, आणि घरी येऊन चक्क झोपले.

दोन दिवसांनी निर्यातदाराचा फोन आला. "ताई, तुमच्या पेटीत जिवंत अळी निघाली."

"मोसंबीत अळी? शक्यच नाही."

"मोसंबीत नाही. तुरीच्या शेंगेत."

मुंबईजवळ तपासणीसाठी काही पेट्या उघडल्या होत्या. त्यातल्या एकीत मोसंब्यांवर धोतराच्या फडक्यात बांधलेल्या हिरव्यागार तुरीच्या शेंगा निघाल्या, आणि त्यातल्या एका शेंगेत आमच्या शिवारातली शेंगअळी. सगळा कंटेनर अडवला. पुढे तो माल तिथल्याच बाजारात मिळेल त्या भावानं विकून टाकावा लागला. फडकं ऐकताच मी ओळखलं. आमच्या गावात जुनं धोतर फाडून त्याची एवढी नीट फडकी करणारं दुसरं घर नाही.

मी घरी गेले तेव्हा सासरे बैलाला वैरण टाकत होते. मी विचारलं, तर सरळ म्हणाले, "हां, ठेवल्त्या मी. तुम्ही बाया जेवायला गेल्त्या तवा. वरच्या पेटीत ठेवल्त्या, म्हणजे त्याला जल्दी घावतील." लपवाछपवी नाही, काही नाही. परक्या मुलुखातल्या माणसाला पहिल्यांदा माल जातोय, त्याच्या घरी नुसता विकतचा माल कसा पाठवायचा, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

मला भयंकर राग आला. हेतू चांगला होता वगैरे सगळं मला तेव्हाही कळत होतं, पण हेतूनं कंटेनर सुटत नाही. मी नाही नाही ते बोलले नाही, पण त्यांना ताट वाढून नुसती निघून जायची. तो राग बरोबर होता असं मला आजही वाटतं.

गटाची बैठक शेडमध्येच झाली. शेंगा कुणी ठेवल्या हे मी सांगितलं नव्हतं. नुसतं 'एका पेटीत' एवढंच म्हटलं. त्यावर सासरे उठले आणि म्हणाले, "शेंगा माझ्या व्हत्या." मग एक जण, आमच्याच भावकीतला, म्हणाला, "आबा, तुमच्या लाडापायी आमच्या सगळ्यांचं वर्स गेलं." लाड हा शब्द मला झोंबला, पण खोटं काय होतं त्यात? यापुढे निर्यातीच्या मालात आबांचा बाग धरायचा नाही, असं ठरलं. सासरे म्हणाले, "बराबर हाय," आणि खाली बसले.

गावानं मात्र सोडलं नाही. पारावरून गेलं की, काय आबा, शेंगा झाल्या, आता अंबाडीची भाजी कुठल्या देशाला धाडायची, असं कुणीतरी विचारायचंच. ते हसून पुढे जात. पण शेडकडे त्यांनी पाय वळवला नाही. आमचा माल ते पहिल्यासारखा जालन्याला घेऊन जाऊ लागले, आणि गाडीत पिशवी ठेवणं त्यांनी बंद केलं. मी सांगितलं नव्हतं तसं. त्याचं मला वाईट वाटलं.

निर्यातदाराच्या मागे मी वर्षभर लागले होते. शेवटी तो कंटाळून म्हणाला, आणखी एकदा बघू, पण प्रत्येक पेटीची जबाबदारी तुम्ही एकटीनं घ्यायची. मी घेतली. तो दुसरा कंटेनर पास झाला आणि आता आमचा माल तिकडे जातो, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे कुणी उगाच काळजी करत बसायला नको. मला सांगायचंय ते भरणीच्या दिवसाचं.

ऐन वेळी लक्षात आलं, कंटेनर भरत नाही. गारपिटीनं दोघातिघांचे बाग डागी झाले होते. गावात उरलेला चांगला माल एकाच बागेत होता. पुन्हा बैठक बसली. आबांचा माल घ्यायचा, पण मॅडमनं तो सगळ्यांसमोर स्वतः तपासायचा, असं ठरलं. सून आहे म्हणून डोळेझाक नको, हे कुणी बोललं नाही, पण मला ऐकू आलं.

सासरे ट्रॅक्टर घेऊन आले. शेडच्या दारात चप्पल काढून उभे राहिले, आत आले नाहीत. मला ते एरवी 'बाई' म्हणत. त्या दिवशी म्हणाले, "मॅडम, माल आणलाय. तपासून घ्या." त्यात चिडवणं नव्हतं.

मी पहिला क्रेट टेबलावर उलथा केला. एकेक फळ फिरवून बघितलं. देठ किंचित लांब राहिलेली बाजूला काढली. एका फळाच्या बुडाशी बारीक खरवड होती, तेही काढलं. घरी मी त्यांच्यासमोर आवाज चढवत नाही, आणि इथं त्यांची फळं 'हे नको, हे नको' करत बाजूला टाकत होते. ते काढलेली फळं गोळा करून मुकाट रिकाम्या क्रेटमध्ये भरत होते. बायका मान खाली घालून निवडत होत्या.

निम्मा ट्रॅक्टर झाला तेव्हा तोच भावकीतला, लाड म्हणणारा, पुढे आला. "पुरे आता मॅडम. आबांचाच माल हाय. द्या भरून."

मी थांबले. खरं सांगायचं तर मला थांबायचंच होतं.

सासरे म्हणाले, "न्हाई न्हाई. तळापातूर बघू द्या तिला. मंग माझ्या मालाला कुणी काय म्हणणार न्हाई."

मी बघितलं. शेवटच्या क्रेटच्या तळापर्यंत हात घालून बघितलं. मोसंबीशिवाय कशातच काही नव्हतं. मी 'पास' म्हटलं, टोपी काढली, शेडच्या मागे पाण्याच्या टाकीपाशी गेले आणि रडले. लग्न होऊन आल्यापासून ज्या माणसानं माझी पिशवीसुद्धा कधी उघडून पाहिली नाही, त्याच्या मालाची मी चार लोकांत झडती घेतली होती, आणि ती त्यांनीच माझ्याकडून पुरी करून घेतली होती.