सिंचना मागेपर्यंत

जगदेवीची मुलगी सिंचना साडेतीन वर्षांची होती आणि तिला आधाराशिवाय बसता येत नव्हतं. मान धरायलाच दीड वर्ष गेलं होतं. बोलणं नव्हतं, रडणंही फारसं नाही. दर मंगळवारी जगदेवी तिला कडेवर घेऊन आठच्या बसने कलबुर्गीला जायची, नागवेणी मॅडमकडे. मॅडम अशा मुलांना बसायला, धरायला, बघायला शिकवत.

घरी करायचा व्यायाम साधा होता. नवरा काशीनाथ डाळमिलमध्ये हमाल. त्याने एक निळं पिंप अर्ध्यावर कापून आणलं. त्यात सिंचनाला बसवायचं आणि कमरेपर्यंत तूर ओतायची. दाण्यांनी पाठ धरली की हात मोकळे राहतात. मग मोठ्याने दहा आकडे मोजायचे आणि थांबायचं.

"आपणहून उचलू नका," मॅडम म्हणाल्या होत्या. "तिला मागू दे. ती मागेपर्यंत आईनं दगडासारखं बसायचं."

चार महिने जगदेवी दगडासारखी बसली. पाचव्या महिन्यात एकदा, दहा म्हटल्यावर, सिंचनाने दोन्ही हात खांद्यापर्यंत वर केले. दुसऱ्या दिवशी पुन्हा केले. तिला येणारा हा एकच शब्द. जगदेवीने तो अख्ख्या गल्लीला दाखवला.

"आमच्या म्हशीलाही शिकव गं," शेजारीण म्हणाली. "पान्हवायच्या आधी हात वर करेल."

त्या वर्षी वेळ अमावस्येचा सण आणि सूर्यग्रहण एकाच दिवशी आलं. सासू सुगलम्मा आठ दिवस आधीपासून मागे लागली. ग्रहण लागल्यापासून सुटेपर्यंत मूल गळ्यापर्यंत मातीत ठेवलं की अधू अंग सुटतं, हे आमच्याकडे कुणाला समजवावं लागत नाही.

"अत्ती, मॅडमना विचारते एकदा," जगदेवी सासूला म्हणाली.

"विचार की. तुझी मॅडम रोज तुरीत पुरते ते औषध, आणि मी एक दिवस मातीत पुरलं की अडाणी होय?"

काशीनाथ म्हणाला, "तीन तास जातील. नाही केलंस तर जन्मभर ऐकशील." तिने मॅडमना फोन केला नाही.

त्या दिवशी उकिरड्याशेजारी गावातल्या पाच अधू मुलांसाठी पाच खड्डे खणले होते. खत मिसळलेली माती कोमट होती. सिंचना रडली नाही. माती गळ्याशी आल्यावर सुगलम्माने ती तळव्याने थापून सारखी केली. साडेआठला जमिनीवर पाच डोकी होती.

नऊनंतर ऊन पातळ झालं. ते होतं, पण त्यात ऊब नव्हती आणि त्याचा रंग जुन्या पितळेसारखा होता. लिंबाखाली पडलेले कवडसे सगळे विळ्यासारखे वाकडे झाले. त्यातले काही सिंचनाच्या गालावर हलत होते. कुत्री गप्प होती. पाचही मुलं गप्प होती. सणाची भांडी चुलीवर रिकामीच होती, ग्रहण सुटेपर्यंत कुणी काही शिजवणार नव्हतं.

सिंचना आईकडे बघत होती. पापणी लवत नव्हती. जगदेवी मनात दहापर्यंत मोजायची आणि थांबायची. पुन्हा मोजायची. मुलगी मागत नव्हती, म्हणून ती उचलत नव्हती. इतक्या महिन्यांची सवय. असं किती वेळा मोजलं ते तिला आज सांगता येत नाही. काशीनाथच्या घड्याळात सव्वा तास झाला होता.

मग गळ्याच्या दोन्ही बाजूंना थापलेल्या मातीला चीर पडली. माती जरा फुगली आणि बसली. काही वेळाने पुन्हा फुगली, पुन्हा बसली. तिसऱ्यांदा जगदेवीच्या ध्यानात आलं की माती तिच्या मनातल्या दहाव्या आकड्याला फुगते. ती तोंडाने मोजत नव्हती. ओठही हलत नव्हते.

"अत्ती, ती हात वर करतेय."

"मातीत किडामुंगी असायचीच. बस गप."

"हात आत आहेत तिचे. ती केव्हाची मागतेय."

"सुटायच्या आत काढलीस तर आहे तशीच राहील. सांगून ठेवते. मग माझ्यापुढे रडू नकोस."

जगदेवी उकरायला लागली. काशीनाथ अर्धा उठला आणि परत बसला. सुगलम्माने तिचं मनगट धरलं. जगदेवीने ते सोडवून घेतलं नाही, दुसऱ्या हाताने उकरत राहिली. आधी दोन मळके हात वर आले. ते वरच राहिले. मग सुगलम्माने मनगट सोडलं.

उजेड अजून पूर्ण परतला नव्हता. सिंचनाला कडेवर घेऊन ती खड्ड्यांमधून निघाली, तशी चार डोकी तिच्या दिशेने वळली. शेवटच्या खड्ड्याशी तिच्याहून लहान एक बाई पदर तोंडात धरून बसली होती. मातीत तिचा मुलगा होता.

"अक्का," ती हळूच म्हणाली, "माझा अजून काही मागायला शिकलाच नाही. मला कसं कळायचं?"

जगदेवी तिच्याशेजारी टेकली. मागून सासूच्या हाका येत होत्या.

"धर हिला," ती म्हणाली. सिंचनाला त्या बाईच्या मांडीवर ठेवून तिने मुलाच्या गळ्याभोवतीची माती उकरायला घेतली.