खिळ्यावरची सलाईन

मायचं हृदय कमजोर झालं तेव्हा संभाजीनगरच्या डॉक्टरांनी मला समोर बसवून सगळं नीट सांगितलं. दिवसभरात सव्वा लिटरच्या वर पाणी नाही. मीठ नावापुरतं. रोज सकाळी वजन करायचं, दोन दिवसांत दोन किलो वाढलं तर अंगात पाणी साठतंय असं समजून लगेच फोन करायचा. "आणि कुणाचं ऐकून सलाईन लावू नका, फुफ्फुसात पाणी भरेल," असंही ते म्हणाले. मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. मला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

मायचं म्हणणं एकच होतं. "मला भोकरदनलाच राहू दे. तुझ्या नाशिकच्या चौथ्या मजल्यावर मला न्हाई मरायचं." मी तिची एकुलती लेक, नुकतीच निवृत्त झालेली. म्हटलं, ठीक आहे, महिनाभर मी इथं राहून बघते. घरी येऊन तुझं करणारं कुणी गावात मिळालं तर तू इथं, नाही तर निमूट माझ्यासोबत चलायचं. ती लगेच हो म्हणाली. माय इतक्या सहजी हो म्हणाली की तिच्या मनात भलतंच काही असतं, हे मी विसरले होते.

मग मी वही घेऊन गाव तपासायला निघाले, शाळा तपासायला साहेब निघतात तशी. ज्या गावात लहानाची मोठी झाले त्या गावाला महिनाभर मार्क देत फिरले, आणि रोज संध्याकाळी घरी येऊन चरफडत बसले. डॉक्टर होते, पण त्यांच्या दारातल्या बाकड्यावर कायम गर्दी. घरी यायला फुरसत नाही, "कंपाउंडरला पाठवतो" म्हणाले. हा कंपाउंडर फटफटीवरून आला. गल्ली त्यालाच डॉक्टर म्हणते. मायला काय झालंय हे विचारायच्या आधी त्यानं पिशवीतून सलाईनच्या दोन बाटल्या काढून खाटेवर ठेवल्या. मी त्याला बाटल्यांसकट दाराबाहेर काढलं. हसत गेला मेला.

मायचं करायला एक बाई तयार झाली. पण तिनं आधीच बजावलं, "पाय चेपीन, डोकं विंचरीन, पण संडासचं भांडं उचलणार न्हाई." मेडिकलवाल्यानं लघवीच्या गोळीऐवजी त्याच रंगाची दुसरीच गोळी दिली आणि वर म्हणे, "सेमच हाये, बिलकुल फरक न्हाई." आणि वजनकाटा? माणसाचं वजन करायचा काटा मिळेना. एका दुकानदारानं मला आडतीवर पाठवलं. आडतीवरचा माणूस म्हणाला, "आजीला रिक्षात घालून आना, कापसाच्या काट्यावर बसवू." तो थट्टा करत नव्हता. खरोखर मदत करत होता, म्हणूनच माझा जास्त संताप झाला.

पण किळस आली ती भेटायला येणाऱ्यांची. आमच्याकडे कुणी आजारी पडलं की गाव भेटायला येतं. बाजाराच्या दिवशी तर आसपासच्या खेड्यांतलेही बाजार उरकून येतात. येताना बिस्किटाचा पुडा आणायचा, चपला दारात काढायच्या, नेमकं आजाऱ्याच्या खाटेवर बूड टेकायचं, चहा प्यायचा, आणि यापेक्षा बेकार दुखणं होऊन कोण कोण मेलं ते आजाऱ्याला सांगायचं. शेजारच्या काकू मी मोरीत गेले की लोणच्याची फोड मायच्या तोंडात घालायच्या. "तोंडाला चव न्हाई म्हन्ते बिचारी." इतक्या माणसांतल्या एकाचाही हात मायला कूस बदलायला लागला नाही. भांडं न्यायची वेळ झाली की सगळ्यांना घरची कामं आठवायची.

आणि प्रत्येकजण खाटेच्या वरच्या भिंतीकडे बघायचा. तिथं कॅलेंडरचा खिळा होता.

"सलाईन न्हाई लावली?"

मी समजावून सांगायचे. हृदय, पंप, पाणी, फुफ्फुस. ते माना डोलवायचे आणि मग मायकडे वळून म्हणायचे, "दोन बाटल्या लावल्या असत्या तं तरतरी आली असती." आमच्याकडे सलाईन हे औषध नाही, मानपान आहे. बाटली लटकत असली म्हणजे आजाऱ्याला कुणीतरी आहे. नसली म्हणजे घरच्यांनी हात आखडला. रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात तो प्रकार. काकू एकदा दारातच दुसरीला म्हणाल्या, "लेक मास्तरीण हाये, पेन्शन हाये, पन मायला एक सलाईन न्हाई." मला ऐकू जावं एवढ्या आवाजात. माय डोळे मिटून पडली होती. मला वाटलं झोपली.

शेवटी वजनकाटा आणायला मी जालन्याला गेले. सकाळच्या एसटीनं गेले, काकूंना मायजवळ बसवून. चारच्या सुमाराला काटा काखेत मारून परत आले तर दारात ही चपलांची रास. आत माय उशीला टेकून बसलेली, तोंड उघडं, ओठ जांभळे. छातीतून बुडबुड आवाज येत होता. खिळ्यावर दुसरी बाटली अर्धी झालेली. आणि खोलीभर बाया चहा पीत होत्या. काकू समाधानानं म्हणाल्या, "आता बराबर झालं बघ. जरा दम लागून राह्यला, पन ताकद येते तव्हा तसं व्हतंच."

मी सुई काढली. काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. जीपमध्ये घालून मायला संभाजीनगरला नेलं. सगळा रस्ता ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून श्वास ओढत होती आणि मी मनात त्या गावाला मूठमाती देत होते. चार दिवस ऑक्सिजन. छातीतलं पाणी उतरलं. पाचव्या दिवशी ती नीट बोलायला लागली तेव्हा मी सांगून टाकलं, "आता इथून सरळ नाशिक. आणि त्या कंपाउंडरला मी सोडणार नाही. पोलिसात जाणार."

मायनं चादरीचं टोक चाचपलं.

"त्याला काही करू नको. म्याच बोलावलं व्हतं त्याला."

मी खुर्ची खाटेजवळ ओढली.

"तू जालन्याला गेल्ती ना, मंग म्हनलं जल्दी लावून घ्यावी. लोकं तुला नावं ठिवत व्हते, बाई. दारात उभं राहून बोलायचे. मी आयकत व्हते. माझ्या लेकीनं सगळं केलं, गू-मूत काढलं, अन् नाव खराब एका बाटलीपायी?"

मला तिचा राग आला. इतका की उठून बाहेर जाऊन उभी राहिले. मला वाचवायला निघाली होती, आणि त्यापायी मरायला टेकली होती. पुन्हा आत आले तेव्हा ती म्हणाली, "नाशिकला नको नेऊ. तिथं मला भेटायला कोन येईन?"

त्या चहा ढोसणाऱ्यांची ही वाट बघत होती. मी ज्यांना शिव्या घालत होते, त्यांच्या येण्याजाण्यावरच तिचे दिवस जात होते.

वहीत 'घरी करणारं माणूस' या ओळीपुढे शेवटी मी 'मी' असं लिहिलं आणि मायला घेऊन भोकरदनला परत आले. कंपाउंडरची अर्धी राहिलेली बाटली नळीसकट खिळ्यावर तशीच होती. काढायला हात वर केला आणि थांबले. मला एकच भीती होती, मी भाजी आणायला गेले की ही परत त्याला बोलावील. मग बूच काढून उरलेलं सलाईन ओतून दिलं, बाटली धुतली, नळाचं पाणी भरलं, नळीला खालून गाठ मारली आणि ते टोक गोधडीत खोचलं. मायच्या मनगटावर पट्टी चिकटवली. पट्टीखाली काही नव्हतं. तीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या बाईनं हे केलं. स्वतःची इतकी किळस मला कधी आली नव्हती.

दारात चपला वाजल्या. काकू आल्या, भिंतीकडे बघितलं आणि त्यांचे डोळे भरून आले. "लेक असावी तं अशी," त्या म्हणाल्या. मायनं पट्टीचा हात जरा वर, सगळ्यांना दिसेल असा ठेवला. रोज असंच चाललं. रोज सकाळी मी तिला काट्यावर उभं करते, आकडा वहीत लिहिते. वजन वाढत नाही.

परवा सगळे उठून गेल्यावर मी पट्टी काढत होते. माय बाटलीकडे बघत म्हणाली, "ही रोज तितकीच भरलेली दिसते. लोकं काय येडे हायेत का?"

मी खुर्चीवर चढले, बाटली खाली काढली आणि अर्धं पाणी मोरीत ओतून दिलं.