दोर फास्ट आहे का?

धक्क्यावर जहाजं बांधणाऱ्या टोळीच्या मुकादमाला सगळे गाठोबा म्हणायचे. इंग्रजी त्याला कामापुरतं यायचं आणि तेवढ्यावर तीस वर्षं निभावली होती.

त्या दुपारी वारा पिसाळला होता. मालाचं जहाज धक्क्याला लागलं होतं आणि जहाजं ढकलणारी छोटी टगबोट त्याला दाबून धरत होती. धक्क्यावरच्या जाड दोराचं एक टोक जहाजावर पोचलं. दुसऱ्या टोकाचा एक वेढा गाठोबाने लोखंडी खुंट्याला टाकला, तेवढ्यात वरून जहाजावरच्या परदेशी अधिकाऱ्याने विचारलं, "इज इट फास्ट?"

काम झपाझप चाललंय ना, असं विचारतोय, असा गाठोबाचा समज झाला. त्याने अंगठा दाखवला. "येस, फास्ट."

अधिकाऱ्याने टगबोटीला जायला सांगितलं.

वाऱ्याने जहाज मागे रेटलं. खुंट्यावरून दोर सरसर सुटू लागला, त्यातून धूर निघाला. मागे तेलाचं जहाज उभं होतं, आणि दोराच्या पलीकडे गाठोबाचा मेहुणा. ताणलेला दोर तुटला तर माणूस चिरतो. गाठोबाने मेहुण्याला खांद्याने लोटून दिलं, सुटतं टोक उघड्या हातांनी पकडलं आणि दुसरा वेढा टाकला. तळहाताची सालं निघाली. तिसरा बसला तेव्हा दोर कण्हला आणि थांबला. दोन जहाजांत चार हातांचं अंतर राहिलं होतं.

घरी मुलीने हाताला मलम लावलं. ती शाळेत इंग्रजी शिकवायची. तिने सांगितलं, फास्टचा मूळ अर्थ घट्ट, पक्कं. घट्टवरून जोर लावून, आणि जोर लावून पळण्यावरून जलद. वेगाचा अर्थ मागाहून आला.

बायको म्हणाली, "कापडवाला नाही का म्हणत, रंग फास्ट आहे, जाणार नाही?"



चौकशीच्या दिवशी टोळीतल्यांनी त्याला बजावलं होतं, खापर त्या परदेशी माणसावर फोड, त्याची भाषा कुणाला कळते? साहेबांनी गाठोबाला विचारलं. तो म्हणाला, "त्याने बरोबर विचारलं. मला कळलं नव्हतं, आणि कळल्यासारखं मी दाखवलं."

मुकादमकी गेली. मात्र नवा नियम आला: दोराला किती वेढे बसले ते बोटांनी दाखवायचं, तोंडी होकार चालणार नाही. मुकादम झाला मेहुणा. हात बरा झाल्यावर गाठोबा त्याच्याच हाताखाली रुजू झाला. पहिले काही दिवस मेहुण्याची त्याला हुकूम सोडायला जीभ रेटत नव्हती, तेव्हा गाठोबाच म्हणाला, "दाजी-बिजी घरी. इथे नीट सांग काय करायचं ते."