मावशीची तक्रार नव्हतीच

चक्कीवाल्या मावशीवर अन्याय झाला तो गेल्या वर्षी, पोळ्यानंतरच्या पहिल्या सोमवारी, दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी. जिल्ह्याच्या ठिकाणी, एका कचेरीच्या आवक खिडकीवर. येत्या पंचेचाळीस वर्षांत गावाने वीज कशी वापरावी, याचा तिने केलेला आराखडा कारकुनाने 'तक्रार' म्हणून नोंदवला. मी शेजारीच उभी होते.

आर्णी तालुक्यातल्या एका गावात मावशीची पिठाची चक्की होती. आमची ओळख भांडणातून झाली. बाजारात मी पत्रकं वाटत होते, 'कोळसा बंद करा, आजच'. भुवयांवर पीठ बसलेल्या या बाईने ते उभ्याउभ्या शेवटपर्यंत वाचलं. असं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. मग म्हणाली, "आजच म्हंजे किती वाजता? माह्या जावयाची पाळी दोनले सुटते."

जावई वणीकडे कोळशाच्या खाणीत. मी फटकन म्हटलं, मग धूर हवाय का तुम्हाला?

"नाही पाह्यजे. म्हणूनच तं इचारून राह्यली. तो खाणीतून निघून कुठी जाईन, हे तुह्या कागदावर काहून नाही?"

पत्रकाची मागची बाजू कोरी होती. तिने ती मला दाखवली आणि चक्कीचा पट्टा चढवायला गेली.

कार्बनचं उत्सर्जन निव्वळ शून्यावर आणायला देशाने दोन हजार सत्तरची मुदत घेतली आहे. आम्ही ते साल भाषणात फेकतो. मावशी त्या सालात हिंडून यायची. तिची नात गुड्डी तेव्हा सहा वर्षांची. "गुड्डी पन्नाशी पार करन, तवा चक्की कायवर चालन?" हे ती बाजारचा दिवस विचारावा तसं विचारायची. जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर तिने आराखडा लिहिला आणि सुतळीने शिवला. पानांवर सालं नव्हती. 'गुड्डीची दहावी', 'गुड्डीचं लग्न (केलं तं)', 'जावयाची रिटायरमेंट' अशी नावं होती. प्रत्येक पानावर कोणतं काम, दिवसाच्या कोणत्या वेळी, कशावर; कोणाचं काम जाईल आणि त्याला दुसरं कोणतं. मी कितीतरी जाड अहवाल चाळलेत. ज्याचं काम जाणार त्या माणसाचं नाव लिहिलेला हा एकच.

त्यासाठी ती घरोघर गेली. युनिट कधी विचारले नाहीत. "काम सांग, विजेचं मंग पाहू," एवढंच. चक्कीच्या छपरावर सौरपाट्या बसवल्या आणि दळण दुपारचं केलं. मी खुसपट काढलं, आभाळ आलं तर?

"तं उद्या दळू. ज्वारी थांबते पोरी. दवाखान्यातली लस थांबत नाही."

हे समजायला मला दोन कार्यशाळा लागल्या होत्या, तरी समजलं नव्हतं.

मग राज्याच्या ऊर्जा आराखड्यासाठी लोकांच्या सूचना मागवल्या गेल्या. आम्ही दोघी एसटीने गेलो. कारकून म्हणाला, "घरी लाईट नाही का, बाई?"

"आहे ना."

"मग कशाला आल्या?" म्हणत त्याने शिक्का मारला. मी पोचेचा फोटो काढून सगळ्या ग्रुपवर टाकला. वाचली मात्र नाही. पत्रकं लिहिणारी मी, चार ओळींची पोच वाचली नाही.

दिवाळीनंतर उत्तर आलं. 'तक्रारदाराच्या घरी वीजपुरवठा सुरळीत असल्याने तक्रार निकाली काढण्यात येत आहे.' मी संतापले. मावशी पदर तोंडाला लावून हसत राहिली. "सरकारनं कबूल तं केलं, लाईट चालू आहे म्हणून." हसू ओसरल्यावर म्हणाली, "अजून एक डाव जाऊ. या बारीनं तू वाच."

तो डाव राहिला. होळीच्या आधी मावशी गेली.

कॅलेंडरं आता माझ्याकडे आहेत. शेवटच्या पानावर फक्त 'गुड्डीची पन्नाशी' लिहिलंय, खाली कोरं. मी एकदा विचारलं होतं, हे राहिलं का? "राह्यलं नाही. ते तिनं लिहावं. आपुनच सारं ठरवलं तं तिले काय उरन?"

यंदा पुन्हा सूचना मागवल्या आहेत. मी जाणार आहे. तुम्हीही या. तुमच्या गावाचं एक तरी पान लिहा, त्यात खाणीतल्या माणसाचं नाव घाला आणि खिडकीवर द्या. पोच हातात आली की तिथेच वाचा. 'तक्रार' लिहिलं असेल तर परत करा. 'सूचना' लिहून घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.